निमोण्यात अडकलेला पाळणा

हॅलो?… हॅलो!… हां, विश्वा, बोल… न्हाई, थांब. आधी मी बोलतो. पहाटेपासनं जुळवून ठेवलंय, मधी तोंड घातलंस तर इसरंल. ऐक. माणसानं जमिनीवर किती बी रेघा मारल्या, किती बी फाटकं लावली, तरी लेकराला आईपाशी पोचण्यापासनं अडवंल असं फाटक या पृथ्वीवर अजून कुणी घडवलेलं न्हाई!… ऐकलंस का?… कसं वाटलं?…

काय?… कुठल्या फाटकावर उभा हायेस?… अमेरिकेच्या?… कॅनडातनं तिकडं?… गाडीत?… म्हंजी विमानतळावर न्हाई?…

बरं… बरं बरं… कार्टूनातल्या त्या उंदराकडं चाललाय व्हय.

न्हाई रे, काही न्हाई… आवाज कुठं बसलाय? चहा गार झाला, त्याचा घोट घेतला… अरे, तूच लक्ष्मीपूजनाला फोन केलास ना, ‘आबा, सोमवारी बॉर्डर उघडतीय, आम्ही निघतोय’?… व्हय, तसंच म्हणलास. मला वाटलं, इकडं… आता कुठली बॉर्डर ते तू बोलला न्हाईस आन् मी इचारलं न्हाई. आमच्या डोक्यात एकच बॉर्डर. तुझ्या आन् आमच्या मधली.

चूक तुझी न्हाई… न्हाई म्हणतो ना. फक्त गावात सांगून बसलोय. शेजारच्या भागुबाईनं तुमच्यासाठी कोंबडा राखलाय… असू दे, त्याचं तरी भलं झालं.

हां, बोल, ऐकतोय… फ्लोरिडा… व्हय, दोन वर्षं थांबलात. तीन वेळा बुकिंग पुढं ढकललं… चार? अरेरे… न्हाई, मला कल्पना हाय. आमच्याकडं त्या टायमाला लोकं ऑक्सिजनची टाकी हुडकत हिंडत होती, पण बुकिंग ढकलायचं दुःख येगळंच. टाकी एकदा मिळती न्हाई तर न्हाई मिळत, माणूस मोकळा होतो. बुकिंगला तसं मोकळं होता येत न्हाई…

टोमणा कुठं मारतोय? सांत्वन करतोय.

एक सांग, विमानानं जाता येत होतं की अमेरिकेला… सूनबाई भिती… बंद खोक्यात इतक्या माणसांचा श्वास… हां, ते बी खरं. म्हणून इकडं बी न्हाई… बरोबर. गाडीनं पोचता येतं तिथंच जायचं. निमोणं तुझ्या गाडीरस्त्याला लागत न्हाई, मधी समुद्र पडतो. चूक आमच्या आज्या-पणज्याची. गाव वसवताना बघायला पाहिजे होतं.

आन् त्या डोसाचं मिटलं का?… तेच, पहिला एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्या कंपनीचा, आन् अमेरिका घ्यायला तयार न्हवती… आता घेती? चांगलं झालं. आंतरजातीय डोस मान्य केले म्हण की. आपल्याकडं त्याला अजून दोन पिढ्या जातील.

किती गाड्या पुढं?… चाळीस?… आन् तुमच्या रात्री बाराला उघडणार. म्हंजी आमचे साडेदहा. वीस मिनिटं हायेत अजून. बोल निवांत.

इथं? इथं चांगदेव आलाय ट्रक घेऊन… अरे, पाळणेवाला चांगदेव! त्याचा पाळणा उतरवायला… सांगितलं होतं तुला. तू ‘हूं’ म्हणलास, मागं टीव्ही चालला होता… कुठला पाळणा म्हंजी? आपल्या रस्त्याकडच्या वावरात उभाय तो. पाडव्याच्या आधी जत्रंसाठी उभा केला, आन् चार दिवसांत सगळं बंद. जत्रा बंद, रस्ता बंद. वीस महिने झाले, तसाच उभाय. चांगदेव बिचारा सणसवाडीला कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन वॉचमन झाला… गंमत बघ, तुला पाळण्यात बसायला मिळंना म्हणून तू अडकलास, आन् ह्याच्याकडं पाळणा असून हा अडकला… आता जत्रा सुरू व्हायला लागल्यात. दौंडच्या बाजूला जागा धरलीय त्यानं. उद्या उभा करायचाय.

थांब जरा… काय चांगदेवराव?… व्हय, व्हय, पोराचाच फोन हाय, दोन मिनिटं… न्हाई, बुधवारपर्यंत थांबा म्हणलो होतो ते आता… सांगतो. बसा. अने, ह्यांना चहा दे!…

हां, बोल… काय म्हंजी काय? पाळणा उतरवायचा म्हणल्यावर वरच्या डब्याचं काय करायचं ते ठरवाय नको?… कुठला डबा?… विश्वा, सात नंबरच्या डब्यात काय हाय ते इसरलास?…

हां… आली आठवण.

हो, अजून तिथंच. कुठं जाणार ती?… अरे, तूच म्हणला होतास ना एप्रिलात, ‘आबा, मी आल्याशिवाय आईच्या अस्थी सोडू नका’… बरोबर होतं तुझं. विमानं बंद झाली होती, मी कुठं काय म्हणतोय? अस्थी घरात ठेवत न्हाईत, उंच झाडाला टांगायच्या. बांधावरचा लिंब आदल्या साली वादळात पडलेला. मग वावरात उंच काय ऱ्हायलं? पाळणा. गाडगं फडक्यात बांधलं, सात नंबरच्या डब्यात ठेवलं, हातानं फिरवून टोकावर नेलं आन् चांगदेवाच्या पान्यानं खाली नट आवळून टाकला. म्हणलं, पोरगा येतोय पंधरा दिवसांत.

सात महिने झाले, विश्वा.

…तुझ्या आईचं तुला ठाव हाय. लगीन होऊन आली त्या सालच्या जत्रेत मी तिला पाळण्यात बसवली. अर्ध्यावर गेली तर डोळे पांढरे. ‘मला चक्कर येती, उतरवा, उतरवा.’ जन्मात परत बसली न्हाई. आन् आता सात महिने टोकावर… पावसाळा काढला तिनं तिथं. वारं सुटलं की डबा कुरकुरतो. मी खालनं म्हणतो, सोजरे, दम धर, पोरगा येतोय…

बारकी पोरं काय कमी हायेत का! शाळा सुटली की खाली उभं राहून वरडायची, ‘आजे, कॅनडा दिसतोय का?’ मी ढेकळं मारून पिटाळली… मग एक दिवस कुणी न्हाई बघून मीच इचारलं.

न्हाई, काही म्हणली न्हाई. म्हणायला पाहिजे होतं का?…

हॅलो?… हां, हायेस… मला वाटलं फाटक उघडलं.

डिसेंबर?… डिसेंबरात सुट्टी मिळंल… नक्की न्हाई… उंदराकडं किती दिवस?… दहा. मग आल्यावर राजनंदिनीची शाळा… मग सूनबाईची रजा संपलेली… मग मार्च… अरे, मी मोजत न्हाई रे, तूच सांगतोयस, मी नुसता मागनं म्हणतोय.

कोण?… दे, दे तिला… हां, राजनंदिनीबाई! आजोबा बोलतोय… कुठं चाललीस?… उंदराला भेटायला! वा… मोठा असतो?… माणसाएवढा?… आन् मिठी मारतो? सगळ्यांना? वळखीचा नसला तरी?… गुणाचा हाय म्हण की.

आजी?… आजी हाय की… व्हय, पाळण्यातच बसलीय अजून. पप्पांनी सांगितलं?… बरं सांगितलं… एकटीच हाय. न्हाई, रांग लागत न्हाई इथं… तिकीट बी न्हाई… खाली? न्हाई बाळा, खाली येत न्हाई म्हणायची. पप्पा आले की उतरते म्हणायची… आज उतरणार हाय… कुणाबरोबर? अनिताआत्याबरोबर… बरं, दे पप्पाकडं.

हां, विश्वा… असं सांगितलंस व्हय पोरीला… न्हाई, खोटं कुठं बोललास? अक्षराला अक्षर खरं हाय.

आता ऐक. चांगदेव थांबणार न्हाई. थांबवू बी नये. वीस महिने लोकाच्या गेटवर शिट्टी मारली, आता त्याचा दिस आलाय. मी त्याला बुधवारपर्यंत थांब म्हणलो होतो, पोरगा वाटंत हाय म्हणून. पोरगा वाटंतच हाय, पण वाट दुसरी निघाली… तवा आज उतरवतो. अनिता दौंडला नेती, भीमंत सोडती. तिची दोनची ड्युटी हाय स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर, त्याच्या आधी उरकती म्हणती.

लेकानं?… लेकानंच सोडायच्या असत्यात?… कोण म्हणतं?… मग अग्नी कुणी दिला?… तुला फोटो बघितलेला आठवतोय ना, पांढऱ्या किटात चार भूतं उभी होती? त्यातलं डावीकडचं भूत म्हंजी तुझी बहीण. मला तर गेटाच्या आत बी सोडलं न्हाई. मी रिक्षात बसून धूर बघितला आन् ह्यातला आपला कुठला, हे रिक्षावाल्याला इचारलं.

…तिला काय बोलायचंय? थांब, इचारतो. अने, दादा बोलू का म्हणतोय… न्हाई म्हणती. ताट आवरतीय… भाऊबीजेचं. परवा ओवाळायचं होतं, पण दादा निघालाय म्हणल्यावर तिनं झाकून ठेवलं होतं. दोन दिस मुंग्या हाकलत बसली… आता चांगदेवाला ओवाळती म्हणती. आईला खाली आणणार म्हंजी भावाचंच काम करतोय… अरे, करंजी वाया कशाला घालवायची?

रडू नको… रडू नको रे. चाळीस गाड्यांत रडताना दिसलास तर तो अमेरिकेचा साहेब सर्दी म्हणून बाजूला काढंल. मग परत दोन वर्षं.

व्हिडिओवर?… दाखवंल की अनिता, पण तिथं घाटावर रेंज येत न्हाई… बरं, रेकॉर्ड करून पाठवंल. उंदराच्या रांगंत उभं राहून बघ. रांग मोठी असती म्हणतोस ना, टाईम जाईल.

न्हाई… राग न्हाई. खरं सांगू? राग धरायला बी माणूस समोर लागतो. फोनवर धरलेला राग हातातच ऱ्हातो, गार होतो. ह्या चहासारखा…

काय चांगदेवराव?… नट हलत न्हाई?… गंजला आसंल, दोन पावसाळे खाल्ले त्यानं… तुमची हत्यारं?… विकली? सगळी?… बरं, बघू, काहीतरी करू…

हां विश्वा, बोल… काय?… न्हाई रे, काय पाठवतोस?… पैसे नको. हायेत… यंत्र बी नको, ते बोटाला लावायचं मागं पाठवलंस ना, तेच हाय. रोज लावतो. सत्त्याण्णव दाखवतं. तुझी आई गेली त्या दिशी बी मला सत्त्याण्णवच दाखवत होतं… काही नको. खरंच काही नको. सुखात जा, पोरीला सगळ्यात बसव, उंचावर तिला भ्या वाटलं तर मात्र लगेच उतरव. लगेच. थांबू नको.

काय? गाड्या हलल्या?… उघडलं?… अरे वा! बघ, झालं ना एकदाचं… व्हय, व्हय, जा… सिम बदलंल का? मग लाईन जाईल… आरं आरं, ठेवू नको! विश्वा, थांब! एक काम हाय. आत्ता तूच म्हणलास ना, काही बी सांगा?… हां. मग ऐक. फक्त एवढंच सांग. तू कॅनडाला जाताना तो चोवीसचा पाना कुठं लपवून ठेवला होतास?… अरे, पाना! विहिरीच्या मोटारीचा! शेजारचे मागून नेत्यात आन् आणून देत न्हाईत म्हणून दडवून गेलास ना तू… तोच. त्याशिवाय नट फिरत न्हाई आन् आई खाली येत न्हाई…

हां… हां… गोठ्यात… हां… पत्र्याच्या कुठं?… वरच्या का खालच्या?… हॅलो?… विश्वा, वरच्या का खालच्या?… हॅलो?… हॅलो?…

…गेला पलीकडं.

चांगदेवराव, न्हाई सापडत पाना. घणच घ्या. आन् नट सुटला की जरा दमानं फिरवा. तिला चक्कर येती.