मंगोलांनी बुडवलेलं शहर

हसू नका, पण पारगावच्या शाळेत असताना मंगोलांवरून आमच्या स्टाफरूममध्ये खरंच भांडण जुंपलं होतं.

मी तावातावानं म्हणालो, "राक्षस होते ते! एका शहरात कत्तल केली, वर नदीचं पाणी सोडून ते बुडवलं."

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "पण सर, व्यापाराचे रस्ते सुरक्षित केले, टपाल बसवलं. मंगोलियात आजही चंगीजखानाला देवासारखं मानतात."

चहाचे कप गोळा करणारे आमचे शिपाई कोंडीभाऊ थांबले. त्यांचं गाव धरणात गेलंय.

"सर, त्या शहरातली माणसं काय म्हनत्यात?"

"ती उरलीच नाहीत, कोंडीभाऊ."

"सुटली म्हनायची. आमी उरलो. धरन भरलं की आमच्याच गावावरच्या पान्याची ओटी भरत्यात, अन् टाळ्या वाजवाया आमाला बोलावत्यात."