कपाळावरची रेघ

सकाळी सव्वानऊला केसरोपणाच्या दवाखान्यात बाकावर टपालवाला टोपी न काढता बसला होता. बायकोच्या भुवयांच्या पेन्सिलीने त्याने घरूनच कपाळावर एक रेघ ओढून आणली होती. लग्नाच्या फोटोत केस जिथून सुरू होत, अगदी तिथून. तो डॉक्टरांना केस तिथेच लावायला सांगणार होता. शेजारी एक शिंपी आपल्या थोरल्या बहिणीशी बोलत होता.

“ताई, केस लावून आठ महिने झाले. आले खरे, पण कपाळ मोठंच दिसतंय.”

“विशीतलं कपाळ परत मिळणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं ना?”

“केस दोन बोटं खाली लावले असते, तर काय बिघडलं असतं?”

“आणि केस कुठून आणायचे होते? माझ्या वेणीतून?”

“मागून काढायचे आणखी.”

“अरे, सव्वा मीटर कापडात कोट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तू काय सांगतोस?”

“जाकीट होईल म्हणतो. बाह्या मागू नका.”

“मग? तुझे मागचे केस म्हणजे तेवढंच कापड. उद्या टाळू उघडी पडली, तर तिथे काय लावशील? पुढे पोराचं कपाळ आणि मागे मैदान!”

“हसू नकोस गं.”

“हसत नाही रे. चांगला दिसतोस. बाबांसारखा दिसतोस.”

“बाबा दिसायला बरे होते, नाही?”

“बरे? सगळी गल्ली वळून बघायची.”

आतून टपालवाल्याला हाक आली. “आलोच,” म्हणत तो आधी बेसिनपाशी गेला, टोपी काढली आणि ओल्या रुमालाने कपाळावरची रेघ पुसून टाकली.