पण शिकवतं कोण?

...आणि वर तो कॉलेजचा टायवाला विचारतो, "सर, स्विमिंग पूल देखेंगे?" अहो, पोरीला प्रोग्रामिंग शिकायचंय, पोहायचं नाहीये! तुम्हाला सांगतो, आमचे महिपतराव जगदाळे, दौलतगंजात शिलाई मशीनच्या पार्ट्सचं दुकान, माणूस इतका थंड की गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी "बसा, पाणी घ्या" म्हणेल... पण पोरीसाठी कॉलेज शोधायला निघाले आणि पार पिळून निघाले हो!

ग्वाल्हेरचं जूनचं ऊन, स्कूटरची सीट म्हणजे तवा, मागे अवंतिका, तोंडाला ओढणी, मांडीवर लॅपटॉप. त्यात तिने लिहिलेला प्रोग्राम. दुकानातल्या वस्तूचं नाव टाका, कुठल्या खणात आहे ते सांगणार! सांगतो की... पण दरवेळी शेजारचाच! सुई मागितली की तेलाचा खण दाखवतो. पोरगी कधीची डोकं आपटतेय, चूक सापडेना. म्हणून तर कोणीतरी शिकवणारं हवं होतं ना!

तर हायवेवरचं पहिलं कॉलेज. पूल बघितला. पाणी नव्हतं. "सर, ॲडमिशन के बाद भरते हैं!" जिम बघितली. घोडा बघितला. हो, घोडा! महिपतराव घाम पुसत म्हणाले, "सगळं छान आहे, पण शिकवतं कोण?" टायवाला असा हसला, जणू यांनी म्हैस बांधायला जागा विचारली. अवंतिकाने लॅपटॉप उघडला, तर याने स्क्रीनकडे न बघताच, "वॉव! जीनियस!" चेहराच पडला हो पोरीचा.

दुसरीकडे थंडगार केबिन, डायरेक्टरसाहेब आणि नमस्कार करणारा रोबोट. त्याचा एक हात वर गेला, तो वरच राहिला! साहेब त्याच्या पाठीवर थापा मारतायत आणि महिपतराव आपले, "पण शिकवतं कोण?" साहेब म्हणतात, "अरे, अब तो एआय सिखा देता है!" मग कॉलेज कशाला काढलंत... हे ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात समोसा आला, त्याच्याबरोबर गिळलं.

परत निघाले. मागून बारीक आवाज, "बाबा, छोड़ो ना. मला नाही शिकायचं. दुकानात बसेन." महिपतरावांनी भर रस्त्यात स्कूटर थांबवली. मागे हॉर्नवर हॉर्न! मागे न बघताच म्हणाले, "दुकानात मी बसतो, तेवढं पुरे आहे. एक राहिलंय, ते बघू. मग रड."

तिसरं जुनं सरकारी कॉलेज. भिंतींना पोपडे, पंखा कुरकुरतोय, गेटवर कोणी विचारेना. हे दोघं एका खोलीत डोकावले, तर आतून गरिमा मॅडम कडाडल्या, "बाहर बैठिए! क्लास चल रही है!" महिपतराव बाकावर बसले आणि त्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... दिवसभरात पहिल्यांदाच कोणी काही दाखवत नव्हतं!

तास संपला. अवंतिकाने लॅपटॉप पुढे केला. मॅडमनी चष्मा वर सरकवला, स्क्रीन बघितली. "किसने लिखा?"

"मैंने."

"ग़लत है."

महिपतरावांचं डोकंच फिरलं! एवढ्या उन्हात हे ऐकायला आलो? ते उठणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "गिनती एक से शुरू की ना? यहाँ शून्य से होती है. इसलिए हर बार बगल वाला खाना. चलो, खुद ठीक करो, मैं हाथ नहीं लगाऊँगी."

पोरीची बोटं लागली चालायला. टाइप केलं, सुई... आणि किंचाळलीच, "बाबा! सुई! सुई!" अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. "मी इथेच शिकणार," म्हणाली. झाला प्रवेश.

संपलं? कसलं संपतंय! आता जयेंद्रगंजातले मुकुंदराव मामा विचारतात, "एवढी हुशार पोरगी, आणि त्या पडक्या कॉलेजात?" शेजारी विचारतात, न्हावी विचारतो. महिपतरावांनी आधी मन लावून समजावलं... शून्य, एक, शेजारचा खण, मॅडम कशा ओरडल्या... लोक एकमेकांकडे बघतात, ऊन लागलं वाटतं बिचाऱ्याला! शेवटी थकले हो. आता कोणी विचारलं की मान खाली घालून एवढंच म्हणतात, "काय करणार, मार्क कमी पडले."

आणि तुम्हाला सांगतो, एकदम पटतं लोकांना!