आईला वाचून दाखवलेली भुताची गोष्ट

तुम्ही हसाल, पण मागच्या महिन्यात मी आईला भुताची प्रेमकथा वाचून दाखवली. आमगावला घरी गेलो की ती विड्या वळते आणि मी शेजारी बसून वाचतो, ही आमची जुनी सवय. या खेपेला बॅगेत एकच नवी कादंबरी होती. तळ्यात बुडून मेलेला माणूस रोज आपल्या प्रियकराला भेटायला काठावर येतो. दोघंही पुरुष. आईपुढे कसं वाचणार? वाचता वाचता मी त्या मेलेल्या पुरुषाला बाई करून टाकलं. नाव ठेवलं मालती, तरी एक-दोनदा 'तो आला' असं तोंडून गेलंच.

"रोज येऊन राहिली, अन् तो भेत नाही?"

"नाही. वाटच पाहतो तिची."

तिसऱ्या दिवशी पुस्तक संपलं. विडीला दोरा गुंडाळत, मान खालीच ठेवून आईनं विचारलं, "तुझा विलास येते का रे कधी?"

विलास दोन वर्षांपूर्वी गोरेगावच्या रस्त्यावर अपघातात गेला. दर दिवाळीला तो माझ्यासोबत घरी यायचा. रूममेट आहे, एवढंच मी सांगितलं होतं.

"नाही येत, आई."

"मंग मालती कायले केली? विलासचंच नाव घेऊन वाचाचं होतं. मलेबी रडता आलं असतं."