आईच्या पोटावरचा टाका

बाप : कुणालाही खरं वाटणार नाही, सिस्टर, पण ही पोरगी बाहेर आली तीच मुळी डॉक्टरचा चष्मा ओढत.

लेक : बाबा, मी तर तुमच्या ट्रकमध्ये झाले ना? चढावर, तुम्ही गिअर बदलेपर्यंत. जन्मभर तेच ऐकलंय.

सिस्टर : ताई, गोष्टी नंतर. कळ आली की बाळाचे ठोके उतरतायत, लवकर वर येत नाहीयेत. डॉक्टर हात धुऊन तयार आहेत. ऑपरेशनच्या कागदावर सही करा.

लेक : ह्यांना येऊ दे.

सिस्टर : ते विमानात आहेत. बाळ तेवढं थांबणार नाही.

लेक : ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचं सिझर झालं. आईच्या वेळी कापत होते का असं ऊठसूट?

सिस्टर : नव्हते. आता उगाचही करतात, नाही कशाला म्हणू? कुणाला सोयीची तारीख हवी, कुणाला कळांची धास्ती, डॉक्टरांना कोर्टाची. पण तेव्हा आत बाळ गुदमरतंय हे कळायचंच नाही. ही मशीनवरची रेघ बघा. सकाळपासून नॉर्मल होईल म्हणूनच थांबलो ना आम्ही?

लेक : आईनं ट्रकमध्ये निभावलं. मीही निभावेन.

बाप : अगं चिमणे, ट्रकची थाप होती ती. तुझ्या आईचं पोट उघडावं लागलं होतं.

लेक : कधी बोलला नाहीत.

बाप : ट्रकवाल्याची पोर ट्रकमध्ये झाली म्हणजे कसं, ऐट वाटते. खरं सांगतो, डॉक्टरीणबाई जेवत्या ताटावरून उठून आल्या. तुला वर उचललं तर तू चष्मा धरलास, सोडेचना. त्यांनी बिनचष्म्याचे टाके घातले, म्हणून तर तो व्रण असा वाकडा, माझ्या घाटातल्या रस्त्यासारखा. आणि तुझी आई संध्याकाळी उठून मलाच चहा विचारते.

सिस्टर : आजोबा, आधी बसा. किती येरझारा घालताय.

बाप : चाकांची सवय आहे ती. चिमणे, वीतभर व्रण होता, देवाशपथ. काही होत नाही त्यानं.

लेक : बाबा.

बाप : बोल.

लेक : शेवटच्या आजारात आईचं अंग मीच पुसत होते. एक टाका नव्हता तिच्या पोटावर. माझ्यासाठी खोटं बोलताय तुम्ही... सिस्टर, पेन द्या.