आईच्या खोलीतला वास

(कुमासीच्या बाजारातली जुनी तीन मजली इमारत. मालकीण मामे पोकुआ, जिला सगळेच ‘मामे’ म्हणजे आई म्हणतात, तिची लेक बिरागो आणि विमा कंपनीचा तपासनीस बेदियाको मागच्या जिन्याच्या कुलूपबंद दारापाशी उभे आहेत.)

मामे : म्हणजे उघडू की लावू? एक काय ते सांग.

बेदियाको : उघडं हवं, मामे. आग लागली तर माणसं पळतील कुठून?

मामे : गेल्या साली तुझ्याच हापिसातला चोरीचा विमावाला आला होता. म्हणाला, मागच्या जिन्याला लोखंडी दार लावा, कुलूप घाला, नाहीतर चोरीचा हप्ता वाढेल. घातलं. आता तू म्हणतोस काढा, नाहीतर आगीचा वाढेल. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का रे?

बेदियाको : त्यांचा विभाग वेगळा आहे.

मामे : माझी इमारत एकच आहे.

बेदियाको : दार राहू द्या, फक्त कुलूप काढा. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही, अशी कडी मिळते.

मामे : ती चोरीवाल्याला चालेल?

बेदियाको : चालायला हवी.

मामे : चालेल का ते विचारतेय.

बेदियाको : विचारून सांगतो.

मामे : ऐक गं बिरागो. एवढं शिकून हा विचारून सांगणार.

बिरागो : मामे, त्यांचं काम करू दे त्यांना.

बेदियाको : आग विझवायची लाल नळकांडी कुठेत? भिंतीवर नुसते खिळेच दिसतात.

मामे : माझ्या कपाटात, कुलपात. भिंतीवर टांगली असती तर दुपारपर्यंत पलीकडच्या गल्लीत विकायला आली असती.

बेदियाको : आणि आग लागली तर?

मामे : तर मला हाक मारायची.

बेदियाको : आज टांगा, मामे. पण एक मात्र खरं, दुकानं बघून बरं वाटलं. मागच्या खेपेला प्रत्येकाच्या जनरेटरशेजारी पेट्रोलचा डबा होता. आज एक नाही.

मामे : हुकूम सोडला होता. ज्याच्या दुकानात डबा दिसेल त्याचं सामान रस्त्यावर. माझा शब्द या इमारतीत कुणी खाली पडू देत नाही.

बेदियाको : मग हप्ता उतरेल असं दिसतंय.

मामे : उतरायलाच हवा. खालच्या शिंपिणींना सांगून बसलेय, भाडं वाढवणार नाही म्हणून. हप्ता चढला तर त्या बायांनी मशीन डोक्यावर घेऊन जायचं कुठे?

बेदियाको : ही खोली बंद का?

मामे : माझ्या आईची आहे. तिनं इथंच बसून कापड विकलं. तिचं लाकडी आसन आहे आत. आज तिच्या पुण्यतिथीचा दिवस आहे. तिथं कुणी शिरत नाही.

बेदियाको : वास येतोय.

मामे : दारूचा असेल. पितरांना शिंपडतो ती. तुझ्या घरी शिंपडत नाहीत की काय? की हापिसात लागल्यापासून बंद केलंस?

बेदियाको : शिंपडतो, मामे. पण तिनं डोळे चुरचुरत नाहीत.

बिरागो : राहू द्या ना ती खोली. किल्लीपण सापडत नाहीये.

मामे : सापडत नाही? सकाळी तुझ्या कमरेला होती. आत्ताही आहे. उघड.

बिरागो : मामे...

मामे : उघड म्हटलं ना.

बेदियाको : अरे देवा. मामे, आत पाऊल टाकू नका.

मामे : हे डबे कुणाचे? आईच्या आसनाला खेटून? बिरागो, मी तुझ्याशी बोलतेय.

बिरागो : दुकानदारांचे. सगळ्यांचे. सकाळी आणून ठेवले.

मामे : पण मी तर डबे नकोत म्हणून सांगितलं होतं.

बिरागो : दुकानात नकोत, म्हणालीस. दुकानात एकही नाही. ते म्हणाले, आजीच्या खोलीत विमावाला शिरायचा नाही, चपला काढूनसुद्धा. तो गेला की परत नेतो. तुझा शब्दही राहील आणि जनरेटरही चालतील. मला वाटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

मामे : थांब, मला नीट कळू दे. इमारतभर विखुरलेली आग तुम्ही उचलून एका खोलीत भरलीत. माझा मान राखायला.

बिरागो : हो.

मामे : मग यांनी माझं ऐकलं म्हणायचं की नाही ऐकलं?

बेदियाको : मला नाही सांगता येणार, मामे.

मामे : हेही विचारून सांग.

बेदियाको : असं करू. ही खोली आज बंद होती असं लिहितो. उद्या डबे बाहेर गेले की पुन्हा येतो. हप्ताही...

मामे : नको. बघितलंस ते लिही. तुझ्या आईनं तुझ्या बारशाचं कापड माझ्या आईकडून नेलंय, तिच्या दारात उभा राहून खोटं लिहू नकोस.

बेदियाको : हप्ता चढेल.

मामे : चढला तर ज्यांचे डबे आहेत ते भरतील. शिंपिणींची मशीनं हाताची, त्यांच्याकडे पेट्रोल नव्हतंच, त्यांचं भाडं तेच राहील. आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे सगळ्यांत मिळून एकच जनरेटर येईल. हे मी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगेन. कुठं नको एवढंच नाही, कुठं ठेवायचं तेही सांगेन.

बिरागो : मामे, दारातून मागे ये. वासानं चक्कर येईल. तू अशी काय बघतेयस आत?

मामे : माझ्या ओटीतली काड्यापेटी काढून घे, बिरागो. संध्याकाळी आईपुढं मेणबत्ती लावायला येणार होते.