केळाले बी व्हती का?

यावलहून जळगावला निघणाऱ्या एसटीत कंडक्टर वाल्मीक घंटी मारणार, तोच पुढच्या बाकावरच्या आजी-नातीचं बोलणं त्याच्या कानी पडलं.

"आजी, स्पर्धेतल्या विज्ञान-कवितेचा शेवट ऐक. 'केळीच्या इवल्या बीजात झोपली उद्याची बाग.'"

"सपने, केळाले बी व्हती का कधी?"

"अगं बाई! आणि मी बॉटनीची!"

"तीस वर्सं केळीत राबले मी. घड दिला का केळ जाते, पन तिच्या पायाशी पील फुटेल राह्यते. तेच पुढची केळ."

"थांब, लिहिते. 'घड देऊन माय गेली...'"

"वाल्मीकभाऊ, मारा ना घंटी!" मागून एक प्रवासी ओरडला.

"थांबा हो, शेवटची ओळ राहिलीये!" वाल्मीक म्हणाला.

"'...पायाशी लेक उभी.' लिह्य."

वाल्मीकनं दोनदा घंटी मारली.